‘मोकळी’ जमीन आणि आपली हळहळ

शब्दांच्या अर्थच्छटा शिकवताना मागे एका विद्यार्थ्याने आम्हांला निरुत्तर केले. त्याने वर्गात वर्तमानपत्राचे एक कात्रण आणले होते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन ही या शहरात विकासासाठी उरलेली शेवटची मोठी मोकळी जमीन आहे, अशा आशयाचे वाक्य त्यात होते. मुलगा रे रोडच्या बाजूला राहतो. वडील दारूखान्यात भंगाराच्या गाळ्यावर कामाला. त्याने विचारले, ‘‘मॅडम, आमच्या तीन पिढ्या तिथे गेल्या. मग ती जागा मोकळी कशी?’’

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. ‘मोकळा’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगता आली असती. मोकळे केस, मोकळे मन, मोकळे रान असे दाखलेही देता आले असते. पण मुलाचा प्रश्न व्युत्पत्तीचा नव्हता. जमीन मोकळी ‘असते’ की ती तशी ‘ठरवली जाते’, आणि ठरवली जात असेल तर कोणत्या वाक्यात, असे तो विचारत होता. या प्रश्नाशी आपला, म्हणजे मराठीच्या अध्यापकांचा, लेखकांचा आणि समीक्षकांचा फार जवळचा संबंध आहे, आणि तो संबंध आपण आजवर टाळत आलो आहोत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम ही जमीन. कुलाब्याच्या सासून गोदीपासून वडाळ्यापर्यंत पसरलेली, सुमारे अठराशे एकर. मुंबईकर माणूस समुद्र म्हटला की मरीन ड्राइव्ह, चौपाटी, जुहू अशी नावे घेतो. शहराच्या पूर्वेलाही समुद्र आहे, हे त्याला भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरतानाच आठवते. याचे कारण सरळ आहे. पश्चिमेचा समुद्र फिरायचा, पूर्वेचा कामाचा. आणि कामाच्या समुद्राला भिंत असते.

त्या भिंतीच्या आतबाहेरची नावे पाहा. लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर, टँक बंदर, दारूखाना. ‘हे बंदर’ हे नाव ऐकून आमचे विद्यार्थी हसतात; त्यांना ‘हे’ दर्शक सर्वनाम वाटते. वस्तुतः तो वाळलेल्या गवताचा इंग्रजी शब्द. जो माल जिथे उतरला, त्याचे नाव त्या जागेला पडले. आणखी आत, जिथून आज समुद्र दिसतही नाही, तिथे चिंचबंदर आणि मस्जिद बंदर आहेत. किनारा भराव घालघालून पुढे सरकत गेला आणि ही नावे मागे राहिली. म्हणजे आज जिला मोकळी म्हटले जाते, तिच्यातला बराच भाग मुळात निसर्गाने दिलेली जमीनच नव्हे. दगडमातीच्या पाट्या वाहून माणसांनी ती समुद्रातून वर काढली आहे. त्या माणसांची नावे मात्र कोणत्याही बंदराला पडली नाहीत. अपवाद भाऊच्या धक्क्याचा; पण ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, धक्का बांधणारे, पाट्या वाहणारे नव्हेत.

याच किनाऱ्यावर १८८० साली प्रिन्सेस डॉक आणि १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक सुरू झाले. १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक झाले; आज त्याला इंदिरा डॉक म्हणतात. व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीतला दारूगोळा आणि कापूस पेटून स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या आता भराव घालून बुजवल्या आहेत, कारण कंटेनर रचायला सपाट जागा हवी होती. व्यापाराचे रूप बदलले की बंदराचे रूप बदलते, याविषयी आमची तक्रार नाही. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि कंटेनरांचा ओघ खाडीपलीकडे वळला. पोत्यांची चळत पाठीवर घेणाऱ्या माथाड्याची जागा यारीने घेतली. त्या पाठीवरच्या ओझ्याविषयी हळवे होण्याचा अधिकार ज्यांनी ते कधी उचलले नाही, त्यांना नाही.

आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागेल. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा आला, भराव घालणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांचा बाजार उसळला आणि १८६५ साली कोसळला. पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग तेव्हा एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी या खाजगी कंपनीच्या ताब्यात होता. शहराचा व्यापार ज्या किनाऱ्यावर चालतो, तो एका कंपनीच्या मर्जीवर ठेवणे धोक्याचे, हे गोऱ्या सरकारलाही उमगले. सरकारने १८७० साली त्या कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. हे सरकार काही लोककल्याणाच्या कळवळ्याने वागत नव्हते. त्याला व्यापार हवा होता. तरीही किनारा विकाऊ माल होऊ नये, तो विश्वस्तांच्या हाती असावा, एवढे त्याला कळत होते.

पुढे २०२१ साली संसदेने महाबंदरांसाठी नवा कायदा केला आणि ‘ट्रस्ट’चे ‘ऑथॉरिटी’ झाले. विश्वस्त मंडळाचे प्राधिकरण झाले. कुणी म्हणेल, नावात काय आहे? मराठीच्या अध्यापकाने तरी असे म्हणू नये. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळणारा. ती ज्याची आहे त्याला तो जाब देणे लागतो. प्राधिकरण म्हणजे अधिकार असलेली संस्था. पहिल्या शब्दात धनी गृहीत आहे, दुसऱ्यातून तो नाहीसा झाला. त्याआधीच, २०१८ साली, राज्य सरकारने या जमिनीसाठी बंदरालाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले होते. म्हणजे जमिनीचा मालक तोच आणि तिचे काय व्हावे हे ठरवणारा नियोजनकारही तोच. त्याच वर्षी आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला? आम्ही दोघांनी तेव्हा वाचला नव्हता. हा कबुलीजबाब पुढच्या मुद्द्यासाठी आवश्यक आहे.

पुढचा मुद्दा गिरण्यांचा. इथे अनेक वाचक म्हणतील, पुन्हा गिरण्या? होय, पुन्हा. कारण आपण गिरण्यांविषयी पुष्कळ रडलो, पण त्या जमिनी कशा गेल्या हे शिकलो नाही. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, गिरण्या बंद पडत गेल्या. एवढा इतिहास आपण नाटकांतून, कवितांतून, पाठ्यपुस्तकांतून सांगतो. जयंत पवारांचे ‘अधांतर’ आम्ही स्वतः शिकवले आहे. पण जमीन काही संपात गेली नाही. ती गेली एका नियमात, आणि त्या नियमातल्या एका शब्दात.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम असा होता की, गिरणीची जमीन विकासाला काढायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावेत. एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी, एक मालकाला. सुमारे सहाशे एकरांचे तीन वाटे म्हणजे काय, हा हिशोब तिसरीतला मुलगाही करील. चार्ल्स कोरिया समितीने १९९६ साली सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची दिशाही दाखवली होती. मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ खुल्या जमिनीची व्हावी, असे ठरले. खुली म्हणजे ज्या जमिनीवर त्या वेळी बांधकाम उभे नव्हते ती. आता गिरणी म्हणजे बहुतांशी बांधकामच. खाती, गोदामे, बॉयलर, चिमण्या. ती पाडली की त्यांच्याखालून जी जमीन निघे, ती ‘खुली’ नव्हे, असे झाले. हे प्रकरण न्यायालयात गेले. पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला.

सुज्ञ वाचकाच्या ध्यानात गंमत आली असेल. गिरणीच्या बाबतीत ‘खुली’ या शब्दाचा अर्थ इतका आकसला की लोकांच्या वाट्याला तुकडेच आले. बंदराच्या बाबतीत ‘मोकळी’ या शब्दाचा अर्थ इतका पसरतो की त्यात वस्त्या, गाळे, गोदामे, मासळीचा बाजार आणि जहाजे तोडणारी माणसे, सारे अदृश्य होतात. एकाच शहरात, एकाच अर्थाचे दोन शब्द. एक आवळला जातो, दुसरा ताणला जातो, आणि दोन्ही वेळा लाभ एकाच बाजूचा. अर्थसंकोच आणि अर्थविस्तार ही प्रकरणे आपण भाषाविज्ञानाच्या पेपरला दहा-दहा गुणांसाठी शिकवतो. त्यांची उदाहरणे अशी दाराशी असताना आपण ती ‘मृग’ आणि ‘तेल’ या शब्दांत शोधत बसलो.

आता ‘संमिश्र वापर’ या नव्या मंत्राकडे वळू. घरे, कचेऱ्या, दुकाने, करमणूक आणि बागा एकाच परिसरात असाव्यात, माणसाला पायी कामावर जाता यावे, अशी ही कल्पना. कल्पना उत्तम आहे. इतकी उत्तम की गिरणगावाने ती कुणी शिकवण्याआधीच आचरली होती. भोंगा झाला की चाळीतून माणूस पायी गिरणीत जात असे. चाळीखाली वाणी, कोपऱ्यावर व्यायामशाळा, मधे मंडळाचा गणपती. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका घराघरांत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांतूनच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. रे रोड आणि दारूखान्यात आजही हेच चालते. खाली गाळा, वर बिऱ्हाड, पलीकडे जहाजाचा पत्रा कापणारा, अलीकडे त्याला चहा देणारा. याला नियोजनाच्या भाषेत संमिश्र वापर म्हणत नाहीत, ‘अतिक्रमण’ म्हणतात. तेच काचेच्या इमारतीत, द्वारपालासह झाले की संमिश्र वापर. कौला बंदराच्या वस्तीला वर्षानुवर्षे नळाचे पाणी नव्हते. लांबून रबरी नळ्यांनी आणलेले पाणी तिथली माणसे विकत घेत होती. जमीन केंद्राच्या अखत्यारीतली, नळ पालिकेचा, झोपडपट्टीचा कायदा राज्याचा. या तिहेरी जबाबदारीत माणूस कुणाचाच उरला नाही.

आणि गिरण्यांच्या जागी जो संमिश्र वापर आला, त्याने काय दिले? कचेऱ्या आल्या, मॉल आले, उपाहारगृहे आली. रस्ते तेच, रेल्वेचे पूल तेच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. गिरणीच्या काळातल्या पुलावर कचेऱ्यांची गर्दी लोटली होती. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. जी तृतीयांश जमीन सार्वजनिक हाती यायची होती, ती आली असती तर रस्ते रुंद करायला, माणसांना पांगायला जागा उरली असती. आणि कामगारांची घरे? म्हाडाची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज लाखाच्या कितीतरी वर. पुढे राहिलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी ही नावे निघाली. लालबागच्या माणसाला त्याच्या गिरणीच्या मोबदल्यात वांगणी. संमिश्र वापरातला ‘मिश्र’ तो हा.

आमच्यावर घेतले जातील असे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला असा की, हे गतकाळाचे गोडवे आहेत. गंजक्या पत्र्यांचे संग्रहालय करायचे काय? मुळीच नाही. जहाजतोडणीत माणसे जळतात, ॲस्बेस्टॉस हुंगतात. तेलाच्या टाक्यांखालची आणि तोडणीच्या धक्क्यांवरची माती विषारी असणार. ती आधी कुणी, कुणाच्या खर्चाने स्वच्छ करायची, हा प्रश्न घरांच्या चित्रांआधी विचारला गेला पाहिजे. बदल व्हावा. पण ज्याने ते विष हुंगले, त्याला जमीन स्वच्छ झाल्यावर हाकलायचे, याला बदल म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. बंदराचे उत्पन्न घटले, हजारो निवृत्त कामगारांचे निवृत्तिवेतन द्यायचे आहे, जमिनीतून पैसा उभा केला नाही तर तो कुठून यायचा? हा प्रश्न खरा आहे आणि गोदी कामगारांच्या घामाचा आहे. परंतु पैसा उभारणे आणि जमीन कायमची हातून घालवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लंडनने १९८१ साली आपल्या गोद्यांसाठी स्वतंत्र महामंडळ नेमले आणि स्थानिक नगरपालिकांचे नियोजनाचे अधिकार त्याच्याकडे दिले. कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले. शेजारच्या गोदी कामगारांच्या वस्त्यांना ते खालून पाहायला मिळाले. हॅम्बुर्गनेही आपले जुने बंदर शहरात मिळवले, पण जमीन शहराच्या मालकीची होती, आणि भूखंड देताना कोण जास्त किंमत देतो यापेक्षा तिथे काय उभे करणार याला अधिक गुण दिले गेले. श्रीमंत वस्ती तिथेही झाली, आम्ही त्याला स्वर्ग म्हणत नाही. पण निवड करता येते, लिलाव ही काही निसर्गाची आज्ञा नव्हे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप आमच्याच बिरादरीतून येईल. साहित्याच्या माणसांनी चटईक्षेत्र निर्देशांकाच्या भानगडीत कशाला पडावे? इथे मात्र आमचा संयम सुटतो. गिरणगाव गेल्यावर आपण काय केले? परिसंवाद भरवले. ‘महानगरीय जाणिवा’ या विषयावर शोधनिबंध वाचले. नारायण सुर्व्यांच्या कवितेतला कामगार आणि दया पवारांच्या ‘बलुतं’मधले सुक्या गोदीत काम करणारे वडील यांच्यावर प्रश्नपत्रिका काढल्या. जो कामगार शहरात उरला नाही, तो अभ्यासक्रमात अजरामर केला. २००१ साली तो नियम बदलला तेव्हा आम्ही दोघे विद्यार्थी होतो. कामगारसाहित्यावरची व्याख्याने मन लावून ऐकत होतो. त्या वर्षी कोणत्याही वर्गात, कोणत्याही साहित्यिक व्यासपीठावर ५८ व्या नियमाचे नाव आम्ही ऐकले नाही. ज्यांनी ते घेतले ते वास्तुविशारद होते, पर्यावरणवाले होते, कामगार संघटनांतली माणसे होती. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांचे बोल जपून ठेवले. शब्दांवर पोट भरणारे आपण मात्र शब्द बदलला जात असताना गैरहजर होतो, आणि नंतर शोकसभेला सर्वांत पुढे.

शोक ही सोयीची गोष्ट आहे. तो नेहमी उशिरा येतो, म्हणून त्याला काही करावे लागत नाही. उलट जे गेले ते जितके पुरते गेले असेल, तितकी कविता गहिरी. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, असा शोक करणारा साहित्यव्यवहार त्या जाण्याचा साक्षीदार नसतो, लाभार्थी असतो.

मग करायचे काय? मोर्चे काढणारे काढतील. आपण आपल्या कामापासून सुरुवात करू. या किनाऱ्याविषयीचा प्रत्येक मसुदा, त्यातली प्रत्येक दुरुस्ती मराठीत आणून वाचावी. ‘परवडणारे घर’ असे लिहिले असेल तर कुणाला परवडणारे, किती रुपयांना, हे विचारावे. ‘सार्वजनिक खुली जागा’ असेल तर ती जमिनीवर की पोडियमच्या छतावर, आणि फाटकावर पहारेकरी असेल की नाही, हे विचारावे. ‘पात्र रहिवासी’ असेल तर भाडेकरू, गाळ्यावर निजणारा कामगार, सासून गोदीत कोळंबी सोलणारी बाई त्यात बसते का, हे विचारावे. ‘भाडेपट्टा’ असेल तर किती वर्षांचा, आणि मुदत संपल्यावर जमीन कुणाची, हे विचारावे. हे वाचन रसग्रहणापेक्षा कंटाळवाणे आहे. पण शब्द कुठे लवचीक ठेवला आहे आणि कुठे आवळला आहे, हे ओळखण्याचे शिक्षण या शहरात ज्यांनी घेतले आहे, अशी माणसे आपणच. ते शिक्षण कर भरणाऱ्यांच्या पैशातून झाले आहे, हेही आठवावे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. पुढच्या आठवड्यात २०१८ च्या मसुद्याचे काही पाने वर्गात नेली आणि कवितेच्या तासाला ती वाचली. अभ्यासक्रम मागे पडला, विभागात थोडी कुरकुरही झाली. दोन तासांत मुलांनी अकरा शब्द अधोरेखित केले, ज्यांचा अर्थ त्या पानांवर त्यांना सापडला नाही. त्यांतला पहिला ‘रिकामी’ होता.